मशीनवरचा दुधाचा पेला

आमची ही गेल्याचं कळलं तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर उभा राहून पडदा लावत होतो. दवाखान्यातून शेजारी राहणाऱ्या माझ्या बहिणीचा फोन आला. हातातला पडदा पुरता लावला, मगच खाली उतरलो. ही घरातल्या घरात घसरली, खुबा मोडला, ती अंथरुणातून उठलीच नाही. "हाडं पार पोकळ झाली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी ठरवलं, लेकीची हाडं लोखंडाची करून दाखवीन. ज्याचे पडदे सूर्याला अडवतात, त्याला हे काय अवघड!

लेक आता आईच्याच मशीनवर पडदे शिवते. त्या खोलीत भर दुपारी दिवा लागतो, इतके जाड पडदे. कामावर निघताना मी मशीनवर दुधाचा पेला ठेवू लागलो. बोललो नाही, हिच्यामागे आमचं बोलणं कमीच झालंय. संध्याकाळी पेला रिकामा. मी खूश.

मग लेकीचा पाय उंबऱ्यावर मुरगळला आणि हाडाला चीर गेली. ऐन तेविशीत.

"दूध घेतेस का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"नाही काय? रोज पेलाभर पिते," मी म्हणालो.

लेक माझ्याकडे वळली. "बाबा, तो पेला आईसाठी असतो ना? मी हातसुद्धा लावत नाही."

"मग संपतो कसा?"

"मी आत जाऊन येते, तोवर रिकामा असतो." तिचा आवाज बारीक झाला. "आणि पडदा हलत असतो."

खोलीत गार वाटलं. डॉक्टरीणबाई मात्र खमक्या. "दुपारी जेवतेस काय?"

"एखादं फळ. वजन वाढतं हो."

"पाळी?"

"कधी येते, कधी नाही."

"हाडं भरायची ती तिशीच्या आत. पोटभर जेव, उन्हात चाल, उड्या मार. नुसत्या दुधानं भागत नाही, आणि तुझं तर दूधही दुसरंच कोणी पितंय."

दुसऱ्या दुपारी आम्ही दोघं पडद्याआड दबा धरून बसलो. दार करकरलं. पावलं मशीनपाशी थांबली. चाक आपोआप फिरल्यासारखं वाटलं. लेकीनं माझं मनगट आवळलं. मी पडदा ओढला, तो दांडीसकट माझ्याच डोक्यावर!

उन्हात शेजारची बहीण उभी, ओठावर दुधाची मिशी.

"दादा, जीव घेतोस का? नासेल म्हणून पीत होते."

"रोज?"

"रोज. जिना बघ कशी चढते! मागचा आठवडा तेवढा लेकाकडे होते."

मी आणि लेकीनं एकमेकांकडे पाहिलं. त्या आठवड्यातही पेला रिकामाच होता.

आता दोन पेले भरतो. एक लेकीच्या हातात देतो आणि संपेपर्यंत समोर बसतो. दुसरा मशीनवर ठेवतो. बहिणीला त्याला हात लावायची बंदी आहे.

लेक उघड्या खिडकीशी, उन्हात बसून जेवते. बाकीच्या खिडक्यांचे पडदे अजून उतरवलेले नाहीत. ते हिनं शिवलेत.