देऊळवाडीचा उत्कृष्ट थांबा

माणसाचे आयुष्य प्रवासात कमी आणि वाट पाहण्यात जास्त जाते, हे सत्य मान्य केल्यावाचून परिवहनाचे नियोजन करता येत नाही. आपल्याकडे ते फार उशिरा मान्य झाले. इतकी वर्षे आपण गाड्याच सुधारत बसलो. गाडी ही मुळात बेभरवशाची वस्तू. ती पंक्चर होते, भरून येते, कधी येतच नाही. वाट पाहणारा माणूस मात्र जिथल्या तिथे असतो. तेव्हा सुधारणा करायची तर त्याच्यात करावी, हा विचार प्रथम सामुदायिक परिवहन नियोजन उत्कृष्टता मंडळाने मांडला आणि त्याचे पहिले फळ आमच्या देऊळवाडीच्या पदरात पडले. यंदाचा 'उत्कृष्ट ग्रामीण थांबा' हा पुरस्कार आम्हाला मिळाला आहे. इतर गावांनाही तो मिळवता यावा, म्हणून हे टिपण.

देऊळवाडी मालवणपासून फार लांब नाही आणि कसालपासून फार जवळ नाही. (नियोजनाच्या भाषेत याला 'मध्यवर्ती' म्हणतात.) पूर्वी कसालची गाडी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळमाळावरून, घाटी उतरून खाली वाडीत येई आणि रवळनाथाच्या देवळासमोर वळे. तिथे थांबा असा नव्हता, एक सुरंगीचे झाड होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवी. माझी आई चुलीपासूनच "इलंय, इलंय!" म्हणून ओरडे. गाडी थांबे. बाबा पिशवी घेऊन आधीच उभे असत. ही पद्धत अत्यंत अशास्त्रीय होती. तिच्यातून कसलीही आकडेवारी निर्माण होत नसे.

मंडळाचे नियोजनकार कौस्तुभ साहेब पुण्याहून आले, ते आराखडा घेऊनच. त्यात लोकसहभागाची एक जागा तेवढी रिकामी होती. सभा देवळाच्या सभामंडपात ठेवली गेली. देवळात कोणतेही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही आणि गाऱ्हाणे घालण्याचा मान माझ्या वडिलांचा, परशुरामांचा. गाऱ्हाणे म्हणजे एकाने उभे राहून देवाला गावाचे मागणे सांगायचे आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. साहेब हे ऐकून हरखले.

"काका, आमच्या आराखड्यातले मुद्देही असेच घ्याल का? लोकांना आपले वाटतील."

पाहुण्याला नाही म्हणणे बाबांना कधी जमले नाही. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि आवाज चढवला.

"बा देवा रवळनाथा! आज ह्ये साहेब तुझ्या दारात इले आसत. तेंच्या थांब्यांचा काय ता सुसूत्रीकरण होव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडीचो फेरो कमी होव दे, इंधनाची बचत होव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शेवटच्या टप्प्याची जोडणी लाभार्थ्यान आपल्या पायान करूची, अशी तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज आमच्या शेजारच्या जासिंतकाकांचा होता. ते रविवारी चर्चला जातात, पण शेजाऱ्याच्या देवाला हाक मारताना एक आवाज कमी पडू नये, असे त्यांचे मत आहे.

गाऱ्हाण्यात नकाराला शब्द नाही. देव काय ते पाहून घेतो, एवढ्या विश्वासावर आमची शेकडो वर्षे गेली. मंडळाने इतिवृत्तात नोंदवले: सर्व मुद्दे एकमताने व उच्च स्वरात मंजूर, विरोध शून्य टक्के, तटस्थ शून्य टक्के. (नंदादीपाखाली झोपलेला कुत्रा स्थानिक रहिवासी नसल्याने धरला नाही.) लोकसहभागाची इतकी निर्दोष पद्धत मंडळाच्या पाहण्यात नव्हती. ती आता इतर जिल्ह्यांनाही सुचवण्यात येणार आहे.

घरी आल्यावर आईने विचारले, "काय वाचलात ता?"

"समजण्यासारखा असता, तर देवाक कित्याक सांगूचा लागला असता गो?" बाबा म्हणाले.

सुसूत्रीकरण म्हणजे गाडी खाली येणार नाही, हे आम्हाला ती खाली यायची थांबल्यावर समजले. वर सड्यावर मात्र थांबा उभा राहिला आणि तो खरोखर उत्कृष्ट आहे. चिऱ्याच्या भिंती आहेत. छप्पर गलबताच्या शिडासारखे आहे. (शिडात वारा शिरावा, हा नियम इथेही पाळला आहे, वाऱ्याबरोबर पाऊसही शिरतो.) सौर दिवा आहे, मोबाइल चार्ज करायची सोय आहे, आणि एका फलकावर 'आपण येथे आहात' असे लिहिले आहे, ज्याबद्दल वर पोहोचलेल्या म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा खात्री नसते. घाटी चढण्याचा उल्लेख आराखड्यात 'आरोग्यलाभ' या सदरात आहे.

पण थांब्याचा आत्मा म्हणजे त्याचा बाक. बाकात एक यंत्र बसवलेले आहे. माणूस बसला की यंत्र एक समाधानी प्रवासी मोजते. तो जितका जास्त वेळ बसेल, तितके समाधान अधिक. यामागचा विचार सरळ आहे: समाधान नसते, तर माणूस उठून गेला नसता का? (हे तत्त्व मंडळाने प्रथम आपल्या अध्यक्षांच्या खुर्चीवर सिद्ध करून पाहिले, असे सांगतात.)

बाबांचे हृदय अधू होते. कसालच्या डॉक्टरांकडे ते नियमित जात. श्रावणातल्या एका सकाळी ते घाटी चढून वर पोहोचले, तेव्हा गाडी नुकतीच गेली होती. इंधनाची बचत होत असल्याने ती हल्ली रेंगाळत नाही. बाबा बाकावर बसले. दुपारची गाडी आली, थांबली. म्हातारबाबांचा डोळा लागलाय, असे वाटून कंडक्टरने दोनदा घंटा वाजवली आणि गाडी गेली. संध्याकाळी जासिंतकाका कामावरून परत येत होते.

"परशुरामा, ऊठ रे. गाडी गेली," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "परशुरामा, रे."

मी कणकवलीत कॉलेजात शिकवते. मला फोन त्यांनीच केला.

त्या दिवशी आमच्या बाकाने नोंदवलेले समाधान हे मंडळाच्या सर्व थांब्यांमध्ये आजवरचे सर्वोच्च ठरले. पुरस्काराच्या स्मरणिकेत याचा गौरवपूर्ण उल्लेख आहे. त्यांनी नाव दिलेले नाही, फक्त 'एक ज्येष्ठ प्रवासी' म्हटले आहे. लोकसहभागाच्या पानावर मात्र नाव आहे, फोटोही आहे: बाबा चष्मा लावून, हात जोडून, कागद वाचताना. दोन्ही पानांवरचा माणूस एकच आहे, हे मंडळाला ठाऊक नसावे. मीही कळवले नाही. समाधान उगाच दोनदा मोजले जायचे.

कणकवलीच्या समारंभात लोकसहभागाबद्दलचा सन्मान बाबांच्या वतीने स्वीकारावा, असे निमंत्रण मला आले. आईला सांगितले. तिचा रक्तदाब वाढलेला असतो आणि श्रावणापासून ती डॉक्टरांकडे गेलेली नाही. त्या बाकावर ती बसत नाही, आणि न बसता वर उभे राहण्याइतके तिचे गुडघे चांगले नाहीत. कणकवलीला माझ्याकडे चल म्हटले, तर देवाचा दिवा कोण लावणार, म्हणते.

"सन्मान काय चुलीत घालूचो आसा?" ती म्हणाली. "गाडी खाली येव दे म्हणान सांग तेंका. तेवढाच माग."

तेवढेच मागायला मी गेले. जासिंतकाकाही सोबत आले. शाल, श्रीफळ आणि थांब्याची लहानशी चांदीच्या रंगाची प्रतिकृती मिळाली. (बाक हुबेहूब आहे.) मग निवेदिकेने जाहीर केले की, आता परशुराम काकांच्या कन्या अनुजाताई वडिलांची परंपरा पुढे नेत गाऱ्हाणे घालतील. हे मला कोणी विचारले नव्हते. आमच्याकडे बाईने गाऱ्हाणे घालायची रीत नाही, पण उत्कृष्टतेला रीत आडवी येत नाही. मी माइकसमोर उभी राहिले.

"बा देवा रवळनाथा! माझ्या बापाशीन तुका जा सांगल्यान, ता तेका स्वतःक समाजला नव्हता. काय चुकला असात तर पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभागृह गरजले.

"माझी आवस घाटी चढाक शकणा नाय. कसालची गाडी परत तुझ्या दारात येव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अध्यक्ष म्हणाले, सदस्य म्हणाले. कौस्तुभ साहेब तर छातीवर हात ठेवून म्हणाले. विरोध शून्य टक्के, तटस्थ शून्य टक्के. जासिंतकाकांचा आवाज तेवढा आला नाही.

चहाच्या वेळी मी साहेबांना गाठले. "मंजूर झालं. गाडी कधीपासून खाली येईल?"

"ताई, तो सांस्कृतिक कार्यक्रम होता," ते हळुवारपणे म्हणाले. "ती संमती धरत नाहीत."

"आणि देवळातली?"

"ती विषयपत्रिकेवर होती ना." मग त्यांना माझ्याबद्दल खरोखरच वाईट वाटले असावे. "पण काय सुंदर घातलंत! अंगावर काटा आला."

"काटो इलो," जासिंतकाका कप खाली ठेवत म्हणाले, "गाडी इली नाय."

आम्ही रात्री सड्यावर उतरलो. सौर दिवा छान लागला होता. घाटी उतरून घरी पोहोचलो, तर आई पायरीवर बसली होती. तिने माझ्या हातातली प्रतिकृती पाहिली आणि उठून चुलीकडे गेली.

मंडळाची मापनपद्धती आता अनेक क्षेत्रांत स्वीकारली जात आहे, वाचनाच्या क्षेत्रातही. तेव्हा वाचकांना एक सूचना. माझे गाऱ्हाणे वाचताना आपणही मनात "व्हय म्हाराजा" म्हणाला असाल, तर काळजी करू नये. ते सांस्कृतिक धरण्यात आले आहे, त्याने आपल्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. मात्र आपण या ओळीपर्यंत एका जागी बसून होता आणि मध्ये कुठेही उठला नाहीत, याची नोंद झाली आहे.

समाधानी, एक.