पैलवान, मुनीम आणि गुर्रमअण्णा

गुर्रमअण्णांनी एकदा माझ्या कडक भाकरीची परीक्षा घेतली. चव बघून नव्हे, चव काय कुणीही बघतं. त्यांनी माझी एक भाकरी आणि बाजारातल्या दुसऱ्या एका बाईची एक भाकरी आपल्या खिडकीतल्या फळीवर शेजारी शेजारी उभी करून ठेवली. उन्हाळा सरला, पावसाळा निम्मा झाला, तेव्हा माझ्या दारात येऊन निकाल सांगितला. "अक्का, तुमची सरळ आहे. तिची वाकली."

मी विचारलं, आता त्या भाकरीचं काय करणार? म्हणाले, खाणार. आणि खाल्ली की त्यांनी, माझ्याच पायरीवर बसून. वर बुडवायला आमटी माझ्याकडूनच मागून घेतली.

आमचा बोळ सोलापूरच्या पूर्वभागातला. मागच्या गल्लीत टॉवेलचे माग खटखटत असतात आणि त्यांची कापसाची धूळ आमच्या पापड-कुरडयांवर बसते. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. नवरा गेल्यापासून एकटीच आहे, म्हणून तोंड जरा जास्त चालतं असं लोक म्हणतात. म्हणू देत. अण्णांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. ते एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाले. घरात ते आणि त्यांचा मुलगा वासू, बास. बायको वासू लहान असतानाच गेली.

अण्णांचे प्रश्न तीन. कुठलीही वस्तू समोर आली की बोटं मोडत विचारायचे, "पळणार किती, पडणार कितीला, टिकणार किती?" मिक्सर घेताना विचारणं ठीक आहे. पण माझ्या भाचीला दोन स्थळं सांगून आली, बहीण कौतुकानं फोटो दाखवायला बसली, तर यांनी दोन्ही फोटो जमिनीवर शेजारी मांडले. पगार म्हणजे पळणं, हुंड्याच्या नावाखाली काय मागतायत ते पडणं, आणि तिसरं म्हणजे "याच्या वडिलांना बीपी होतं का?" बहिणीनं त्यांच्या पुढ्यातला चहाचा कप परत उचलला. भरलेला.

वासूबद्दल आता सांगूनच टाकते. वयानं बत्तीस, अंगानं आडवातिडवा, पण समज पाच वर्षांच्या पोराची. जन्मापासूनच तसा. कुणाला त्रास नाही. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना हात करतो. फक्त गॅसचं बटण त्याला फिरवायला आवडतं आणि दार उघडं दिसलं की तो चालू लागतो. एकदा पार होटगी रोडला सापडला होता. समोरच्या खलीलभाईंनी आपल्या रिक्षात घालून आणला.

आणि जेवणाची एक तऱ्हा. आई गेली तेव्हा वासू जेवेना, म्हणून अण्णांनी काढलेली. दोन ताटं वाढायची, समोरासमोर बसायचं, अण्णांनी आपल्या ताटात भात आणि चारू, म्हणजे त्यांचं चिंचेचं पातळ सार, कालवायचं आणि पहिला घास वासूच्या ताटात ठेवायचा. तो घास पोटात गेला की मग जेवण सुरू. मी कधी चटणी घेऊन गेले आणि मध्येच बोलायला लागले तर वासू माझ्याकडे असा बघायचा की मी आपली गप्प दारात उभी राहायची.

गेल्या वर्षी अण्णांनी नवीन खूळ काढलं. पुण्याहून, हैदराबादहून खोकी यायला लागली. खलीलभाई एसटी स्टँडवरून आणून टाकायचे आणि कण्हायचे, "अण्णा, इसमें क्या है, सोना भरेले क्या?" त्यात निघाले दोन सर्व्हर. बँकेत, दवाखान्यात आतल्या थंड खोलीत जी मोठी कॉम्प्युटरची पेटी अखंड चालू असते ना, तसल्या. अण्णांच्या भाषेत सगळा खेळ त्यातल्या प्रोसेसरचा, म्हणजे पेटीच्या मेंदूचा. एक नवाकोरा, महागडा, एका वेळी ढीगभर कामं ओढणारा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं पैलवान. दुसरा कुठल्याशा ऑफिसातून काढलेला, जुना, सावकाश, पण थंड डोक्याचा. तो मुनीम.

मग काय, रोज सकाळी मला बातम्या. पैलवानानं आज एवढं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं. मुनीम जरा विचार करतो. पैलवान वीज फार खातो. मुनीम बिचारा पोटापुरतंच खातो. मला त्यात ओ की ठो कळत नव्हतं, पण भाकऱ्या थापताना कानाला काम मिळायचं. बोळातल्या लोकांनी ठरवून टाकलं, रिटायर झाल्यावर माणसाचं असंच होतं.

मे महिन्यात त्यांनी दोन्ही पेट्या माळ्यावर पत्र्याखाली नेल्या. म्हणाले, सोलापूरच्या उन्हात टिकला तो खरा. त्या दिवसांत दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून निघायची. त्यात वीज जायची, यायची. मागांची धूळ पंख्यांत जाऊन बसायची, आणि अण्णा ती मुद्दाम झाडत नव्हते. मी म्हटलं, झाडा की, तेवढ्यानं काय हात झिजतात? तर म्हणाले, पुढं झाडायला कोण असणार आहे? मला वाटलं, उगाच तिरकं बोलतायत.

चौथ्या का पाचव्या दिवशी पैलवान तापून आपला आपण बंद पडला तो परत उठलाच नाही. मुनीम घरघरत राहिला. अण्णा माळ्यावरून खाली उतरले, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, आणि माझ्या पायरीवर बसून छातीवर हात दाबून धरला. मी घाबरले. पाणी दिलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की हृदय निम्म्यावर चालतंय, डॉक्टरांनी ऑपरेशनलाही नको म्हटलंय, वर्ष निघालं तर निघालं.

"वासूला कुठं ठेवायचं ते सगळं बघून झालंय, अक्का," ते म्हणाले. "बहीण सिकंदराबादला, ती नको म्हणाली. एका संस्थेत गेलो होतो. तिथं असल्या पोरांना बांधून ठेवतात."

मग मला आत नेऊन दाखवलं. स्वयंपाकघरात कॅमेरा, दारावर कॅमेरा, न्हाणीच्या बाहेर एक. गॅसच्या नळीला एक झडप, ती मुनीमच्या हुकमानं बंद होणार. दाराची कडीही तशीच. आणि प्रत्येक खोलीत छोटा स्पीकर, त्यातून अण्णांचा आवाज. दात घास. न्हाणीचा नळ बंद कर. ताट घे, जेव. दार उघडू नको, मी आहे. मुनीम कॅमेऱ्यातून वासू काय करतोय ते बघणार आणि बरोबर ते वाक्य काढणार. बाहेरच्या कुठल्या कंपनीवर, इंटरनेटवर काही सोपवायचं नाही, कारण कंपनीचं काय, आज आहे उद्या नाही. पेटी घरातच पाहिजे. म्हणून ही सगळी परीक्षा चालली होती आणि आम्ही बोळातली शहाणी माणसं हसत होतो.

 मी म्हटलं, मुनीम सावकाश आहे ना पण? तर म्हणाले, वासूला कुठं घाई आहे. आणि टिकण्याचं? यावर ते थोडे हसले. टिकणार किती ते कसं कळणार, अक्का, बघायला मी पाहिजे ना.

मुनीमला माळ्यावरून खाली आणून बसवल्यावर एका रविवारी त्यांनी खरी चाचणी ठरवली. सकाळी भात आणि चारू करून ठेवला, वासूला बाहेर जाऊन येतो म्हणाले आणि येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसले. संध्याकाळपर्यंत घरात जायचं नाही. मोबाइलवर कॅमेरे दिसतात की, मी म्हटलं, बघा तरी. त्यांनी मोबाइल बंद करून माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवला. "मी मेल्यावर कुठं बघणार आहे? चाचणी खरी पाहिजे."

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. अण्णा समोर पाटावर गप्प बसलेले, आणि भिंतीपलीकडून अण्णा बोलतायत. वासू, दात घास. वासू, नळ बंद कर. समोरचा माणूस ओठ मिटून बसलाय आणि त्याचाच आवाज भिंतीतून येतोय.  मी मुद्दाम भाकऱ्या जोरात थापायला लागले. दुपारी भिंतीतून आलं, वासू, ताट घे, जेव. थोड्या वेळानं परत तेच. मग शांत झालं. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, जेवला. माझ्याकडची भाकरी मात्र त्यांना काही गेली नाही.

उन्हं कलल्यावर आम्ही दार उघडलं. गॅस बंद. नळ बंद. दारची कडी वासूनं हलवून बघितली असणार, पण उघडली नव्हती. सगळं अण्णांनी म्हटलं होतं तसं. अण्णांनी आधी मुनीमचा पडदा बघितला. तिथं हिरवी खूण होती. जेवण झालं.

वासू मुनीमच्या पेटीसमोर मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढं एक ताट होतं, आणि पेटीपुढं एक. दोन्हींत भात वाढलेला, चारू ओतलेलं, आणि दोन्हींतला भात वाळून कडक झालेला. त्यानं एक शीतसुद्धा तोंडात घातलं नव्हतं. कॅमेऱ्याला ताट दिसलं, ताटापुढं वासू दिसला, म्हणून मुनीमनं खूण करून टाकली. आणि हे लेकरू दुपारपासून पेटी घास देईल म्हणून वाट बघत बसलं होतं.

अण्णांना बघून तो रागावला नाही, काही नाही. पेटीकडं बोट दाखवून बापाला म्हणाला, "नान्ना, हिला येत नाही."

अण्णा तसेच खाली बसले. पेटीपुढचं ताट आपल्याकडं ओढलं, वाळलेल्या भातावर थोडं पाणी घालून तो कालवला आणि पहिला घास वासूच्या ताटात ठेवला. वासूनं तो गिळला आणि मग असा जेवायला लागला की मला बघवेना. मला अण्णांचा भयंकर राग आला, मुनीमचा आला, त्या संस्थेचा आला, आणि मी घरी येऊन पदरानं तोंड दाबून रडले. रडून झाल्यावर गरम पिठलं करून नेलं. कारण रडून कुणाचं पोट भरत नाही.

त्यानंतर आठवडाभर अण्णा माझ्याकडं फिरकले नाहीत. मग एका सकाळी पायरीवर येऊन बसले आणि इकडचं तिकडचं काढत विचारलं, "अक्का, तुमच्या आई किती वर्षं जगल्या?"

मी सांगितलं, नव्वदीला टेकली होती. वडील? तेही ऐंशीच्या पुढं. बरं, म्हणाले. गुडघे? दुखतात, पण बसता येतं. शुगर?

"बॉर्डरला आहे," मी म्हटलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कालच हा माणूस खलीलभाईंच्या ओट्यावर बसला होता. खलीलभाईंनाही हेच विचारलं असणार.

"खलीलभाई वयानं लहान आहेत," अण्णा खाली बघत म्हणाले, "पण तंबाखू खातात."

मी म्हटलं, अण्णा, सरळ विचारा ना. पण ते त्यांच्याच्यानं होईना. हाताची बोटं नुसती मोडत राहिले. पळणं आणि पडणं आता बघत नाही, एवढं म्हणाले, आणि उठून गेले. या माणसानं मशीनसाठी हैदराबादपर्यंत फोन लावले होते, आणि शेजारणीला एवढी गोष्ट विचारायला त्याची जीभ उचलत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी माझं ताट घेऊन वासूकडं जाते. समोर बसते, माझ्या ताटात भात कालवते, पहिला घास त्याच्या ताटात ठेवते. अण्णा त्या वेळी बोळात उभे राहतात. आत यायचं नाही, हा त्यांचाच नियम. पहिल्या दिवशी वासूनं घासाकडं बघितलं आणि ताट उचलून दाराकडं नेलं, नान्नाला शोधायला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग काही दिवस तो नुसता बसून राहायला लागला, आणि शेवटी अण्णांनाच आत यावं लागायचं. काल त्यानं माझा घास हातात घेतला, बराच वेळ धरला आणि माझ्याकडं बघून परत ताटात ठेवला. खाल्ला नाही. पण दाराकडंही गेला नाही.

बाहेर आले तर अण्णा भिंतीला टेकून उभे. चेहरा अगदी उतरलेला, हल्ली उभं राहिलं तरी धाप लागते त्यांना. मी सांगितलं, हातात घेतला. त्यांनी मान हलवली. मग बोळाकडं बघत म्हणाले, "वेळ लागणार, अक्का. तुम्हाला टिकावं लागणार."

मी चहातली साखर सोडली आहे. खलीलभाईंनी तंबाखू सोडली म्हणतात, पण त्यांच्यावर माझा अजिबात भरवसा नाही.