थोरल्या जावयाची गाडी

धाकट्या साडूने गाडी घेतली ही बातमी चुडामण पाटलाला ताटावर कळली आणि त्याने दुसरी भाकर अर्धीच ठेवून हात धुतले. सांगत होती त्याची बायको लताबाई, आणि तीही अगदी आनंदाने. तिची धाकटी बहीण कुंदा धुळ्याला दिलेली, कुंदाचे यजमान भटूराव पाटबंधारे खात्यात साहेब. त्यांनी नवी कोरी पांढरी इस्टेट गाडी घेतली होती. म्हणजे मागे डिकीऐवजी खोलीच्या खोली असलेली, सगळं घर बसून वर दोन पाहुणे सामानात मावतील अशी. "बरं झालं," चुडामण म्हणाला. त्याला काडीचंही बरं वाटलं नव्हतं. पोट दुखत होतं आणि भाकरीचा त्यात काही दोष नव्हता.

तसं माणसाला काय कमी होतं? चोपड्याच्या अलीकडे पंधरा बिघे केळी, दारात ट्रॅक्टर, शिवाय फटफटी. सासरी धरणगावला तो थोरला जावई. तो दिसला की सासरे रुपचंद आबा ओट्यावरून उठून उभे राहायचे, पहिला चहा त्याला, पहिली पंगत त्याच्या पाटापासून. बारा वर्षं हा मान त्याने एकट्याने खाल्ला होता. आता आबांच्या प्रत्येक पत्रात भटूची गाडी. भटूच्या गाडीतून डोळे दाखवून आलो, भटूच्या गाडीतून पाडळसरला मौतीला जाऊन आलो. पत्राच्या शेवटी चार शब्दांत केळीची चौकशी.

पंधरा दिवसांनी भटूराव गाडी दाखवायला आले. नवी गाडी नात्यागोत्यात फिरवायची, ज्याच्या त्याच्या दारी नारळ फोडून घ्यायचा, ही आपल्याकडची रीतच. चुडामण सकाळीच मळ्यात जाऊन बसला. केळीला पाणी भरतोय, येता येत नाही, असा त्याने निरोप ठेवला. लाइट त्या दिवशी नव्हतीच, तेव्हा पाणी कसलं भरतोय. केळीच्या पानांआड बसून तो हॉर्न ऐकत राहिला. लताबाईने गाडीला ओवाळलं, गाडीत बसली, मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारून आली. चुडामणने मात्र गाडीचं तोंड बघितलं नाही की नंबर बघितला नाही. पुढेही कुठल्या कार्याला साडू गाडी घेऊन आला की हा मागच्या दाराने निघायचा. एकदा जरी डोळे भरून बघितली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मत्सर वाटत होता हो त्याला, दुसरा शब्द नाही, आणि मत्सरी माणसाला बघवत नाही तिथे तो काय करणार.

मग मगनचं लग्न निघालं. मगन म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, दोन्ही जावयांचा मेहुणा. मुलगी अमळनेरची. आबांनी पत्रात लिहिलं, 'नवरदेवाला न्यायला भटूची गाडी आहेच, तरी आपण कोणतीही काळजी करू नये.' हे 'आपण काळजी करू नये' चुडामणला फार लागलं. नवरदेव जावयाच्या गाडीत बसतो. पुढच्या सीटवर फेटा बांधून जावई बसतो आणि सगळं धरणगाव ओट्याओट्यावर उभं राहून बघतं. आता पुढे भटूराव बसणार आणि थोरले जावई वऱ्हाडाच्या एसटीत, आहेराच्या पातेल्यांसोबत. छे, छे. चुडामणने ठरवलं, मगन बसेल तर आपल्याच गाडीत.

नव्या गाडीला नंबर लावला तर ती पावसाळ्यानंतर मिळणार होती आणि लग्न आठवड्यावर आलेलं. म्हणून तो कोणाला न सांगता जळगावला गेला. तिथे एका शोरूममध्ये थोड्या वापरलेल्या गाड्याही विकायला ठेवत. सफारी सूटमधला विक्रेता त्याला सरळ मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे एक पांढरी इस्टेट उभी होती, आरशासारखी पुसलेली. जेमतेम आठ महिने चाललेली, एकाच हातातली, साहेब माणसाची, असं विक्रेत्याने सांगितलं.

"मग विकली का त्यांनी?" चुडामणने विचारलं.

"म्हणाले, सोसवत नाही."

"गाडीत काही खोट?"

"गाडीत नाही हो. म्हणाले, नातेवाईक फार आहेत."

चुडामण पोट धरून हसला. जगात असेही दुबळे लोक असतात याची त्याला मजा वाटली. मग त्याने मुद्द्याचं विचारलं. आपल्या साडूकडेही इस्टेट आहे, ही त्याच्यापेक्षा मोठी आहे का? विक्रेता म्हणाला, इस्टेट सगळ्या सारख्याच, पण चमक बघाल तर हिची जास्त. एवढं चुडामणला पुरेसं होतं. पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या तिथे तिथे त्याने न वाचताच सह्या केल्या. कागद नावावर होऊन यायला महिना लागणार होता, नंबर धुळ्याचा होता. त्याला तेही आवडलं. धुळ्याच्याच गाडीने धुळेकराचं नाक कापायचं, यात त्याला वेगळा आनंद होता. येता येता त्याने खिडक्यांना गुलाबी पडदे बसवले आणि सहा सुरांचा हॉर्न.

घरी लताबाई आरतीचं ताट घेऊन धावत बाहेर आली आणि पायरीवरच थबकली. तिने गाडीकडे बघितलं, नंबराकडे बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. नवऱ्याचं तोंड असं फुललं होतं की लग्नानंतर तिने ते तसं पाहिलंच नव्हतं. "अहो, ही गाडी..." ती म्हणाली. "आत्ता काही बोलू नकोस," चुडामण म्हणाला, "धरणगावला जाईपर्यंत कोणाला एक शब्द नाही." त्याला वाटलं, आनंदाने हिला बोलणं सुचत नाही. लताबाईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. लग्नापर्यंतचे पाच दिवस चुडामण पोटभर जेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याने गाडी धरणगावच्या गल्लीत घातली. ड्रायव्हर ठेवला नव्हता. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला त्याचा जीव धजत नव्हता. चालवत होता ट्रॅक्टरच्या हिशोबाने, प्रत्येक वळणाला आधी उभा राहून. आबांच्या मांडवासमोर सहा सूर वाजले. सगळं घर बाहेर आलं. आबा ओट्यावरून उठून थेट गाडीपाशी आले आणि चुडामणच्या छातीत बारा वर्षांचा मान परत भरून आला.

"या चुडामणराव," आबा म्हणाले, "भटूनी गाडी लई उनात, बरं करं."

चुडामणचा हात दरवाजाच्या मुठीवरच राहिला. भटूची गाडी? आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "आबा, ही माझी गाडी आहे."

आबांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमनीच शे. भटूनी काय न तुमनी काय."

तोवर गल्ली जमली होती. चुडामणच्या लक्षात आलं की त्याच्या गाडीला इथे त्याच्यापेक्षा जास्त लोक ओळखतात. कोणाला हिच्यातून दवाखान्यात नेलं होतं, कोणाची पोर हिच्यातून सासरी गेली होती. आबांच्या बहीण सुंदरबाई न विचारताच डावीकडचं मागचं दार उघडून बसल्या. "मनी जागा शे ही," त्या नेहमीच्या जागेच्या हक्काने म्हणाल्या. त्यांनी काच आधी तळव्याने जराशी वर उचलली आणि मग खाली केली. ती काच तशी उघडते हे चुडामणला पाच दिवसांत कळलं नव्हतं. पडदे मात्र सगळ्यांना नवे वाटले. भटूने लग्नासाठी पडदे लावले, फार हौशी माणूस, असं जो तो म्हणत होता.

आता मात्र खरं सांगून टाकावं म्हणून चुडामणने घसा साफ केला. आणि तेवढ्यात त्याला पुढचं सगळं दिसलं. सांगायचं काय? साडूने टाकलेली गाडी मी पैसे मोजून उचलली? लहानपणी थोरल्या भावाचे उतरलेले सदरे त्याने घातले होते, त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण थोरल्या जावयाने धाकट्याची उतरलेली गाडी वापरायची, तीही सासरवाडीच्या मांडवात मिरवायची? पुढची बारा वर्षं धरणगावात लोक त्याला बघून हसले असते. त्याने घसा पुन्हा साफ केला आणि खोकून टाकलं.

लताबाई शेजारून हळूच म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी वळखली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही पुन्हा अर्धी भाकर ठेवून उठले असते."

अर्ध्या तासाने भटूराव आले. एसटी स्टँडवरून पायी, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आहेराची पिशवी, मागे कुंदाबाई. गाडी गॅरेजमध्ये कामाला टाकली आहे, असं सांगायचं ते वाटेत घोकत आले असावेत. मांडवाशी आपलीच गाडी गुलाबी पडदे लावून उभी बघितल्यावर त्यांच्या हातातली बॅग खाली टेकली. त्यांनी तोंड उघडायच्या आत आबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. स्वतः एसटीत हाल काढले, पण मेहुण्यासाठी गाडी आधी धाडली, असा जावई कोणाचा आहे, हे आबा गल्लीला ऐकवत होते. त्यांच्या पाण्याने भरलेल्या डोळ्यांसमोर भटूरावांना नाही म्हणवलं नाही. ते पुटपुटले, "असू द्या आबा, घरचीच आहे."

गाडीला फुलं बांधायच्या निमित्ताने दोघे साडू मागच्या बाजूला गेले. भटूराव घामाघूम झाले होते. "भाऊ, तुमच्या गळ्याची शपथ, मी हे मुद्दाम केलं नाही," ते म्हणाले. "धुळ्याला कळू नये म्हणून जळगावला नेऊन विकली. आठ महिन्यांत मी स्वतः तिच्यात किती वेळा बसलो असेन, एका हाताच्या बोटांवर मोजून देतो. बाकी बठ्ठं नातं बसलं, सगळंच्या सगळं. नाही म्हणायचं तर लोक म्हणतात, साहेब झाला, माजला. चला, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना खरं सांगून टाकतो."

ते निघालेही. चुडामणने त्यांचा सदरा मागून धरला.

"भटूराव," तो म्हणाला, आणि बारा वर्षांत प्रथमच त्याने धाकट्या साडूपुढे हात जोडले, "सांगू नका. गाडी तुमचीच आहे."

"अहो, पण पैसे तुम्ही भरले."

"तुमचीच आहे. माझ्या आबरूचा प्रश्न आहे. एवढं ऐका."

भटूरावांनी जरा विचार केला. त्यांनाही गाडी विकल्याची कबुली कुठे आनंदाने द्यायची होती? ते थोरल्या साडूचा शब्द मोडू शकले नाहीत.

वरात निघाली. मागे नवरदेव, सुंदरबाई आणि बालगोपाळ. पुढे फेटा बांधून भटूराव. आणि स्टिअरिंगवर चुडामण, कारण भटूरावांनी आपल्याला आता सवय राहिली नाही असं सांगितलं होतं आणि चुडामणने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता. ओट्याओट्यावरून लोक भटूरावांना रामराम करत होते. भटूराव आधी संकोचले, चौथ्या ओट्यापाशी त्यांनी हात वर केला, आणि अमळनेरच्या वेशीवर पोचेपर्यंत ते खिडकीतून दोन्ही बाजूंना हात हलवत होते. एकदा तर त्यांनी चुडामणला, खड्डा आहे, सावकाश, असंही सांगितलं.

लग्न लागलं. मग माइकवर मानपान सुरू झाले. धुळ्याचे जावई भटूराव, यांनी नवरदेवासाठी स्वतःची गाडी दिली म्हणून सफारीचं कापड आणि शेला. टाळ्या पडल्या. त्यानंतर चोपड्याचे जावई चुडामणराव, यांनी गाडी सुखरूप चालवत आणली म्हणून टॉवेल-टोपी. टाळ्या याही वेळी पडल्या, पण बसून. चुडामणने टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सासऱ्यांच्या पाया पडला.

परतताना आबा गाडीशी आले. सून घरात आली की जोडप्याला मुक्ताईच्या दर्शनाला न्यायचं आहे, तिथून एक-दोन नातेवाईकही करायचे आहेत, तर भटूची गाडी मिळेल का, असं त्यांनी जरा भीतभीतच विचारलं.

"आबा, विचारायचं काय त्यात," भटूराव म्हणाले. आठ महिने जे त्यांना मनापासून कधी म्हणता आलं नव्हतं ते आता तोंडातून सहज येत होतं. "दोन दिवस ठेवा, चार दिवस ठेवा. शेजारीपाजारी कोणाला लागली तरी संकोच करू नका. चुडामणभाऊ आणून देतील."

आबांना गहिवरून आलं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपण जन्मात बघितला नाही, असं ते म्हणाले. सुंदरबाईंनी मागून होकार भरला आणि आपल्याला पुढच्या आठवड्यात जळगावला दवाखान्यात जायचं आहे, तेही आत्ताच सांगून ठेवलं. भटूरावांनी तेही देऊन टाकलं.

चुडामण स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून, डोक्यावर नवी टोपी घालून ऐकत होता. त्याने वळून साडूकडे बघितलं. या माणसाला आता पेट्रोल भरायचं नव्हतं, पंक्चर काढायचं नव्हतं, गाडी धुवायचीसुद्धा नव्हती, आणि तरी अख्ख्या धरणगावात गाडीवाला तोच होता. भटूरावांकडे खरोखर गाडी होती तेव्हासुद्धा चुडामणला त्यांचा एवढा हेवा वाटला नव्हता.