सात नंबरची इच्छा

हृदयविकाराच्या वॉर्डात ललिता सिस्टरचं नवं शिक्षण कुणाच्या पचनी पडत नव्हतं. दोन दिवसांच्या शिबिरातून ती पॅलिएटिव्ह केअर शिकून आली होती. "पेशंटचा दम, दुखणं, मनातली धास्ती कमी करायची. औषधं चालूच ठेवायची," ती सगळ्यांना सांगे.

"ते मरणाऱ्यांचं काम. आमच्या हार्टवाल्यांना कशाला?" हेडसिस्टर चौगुलेबाई म्हणाल्या. "एक पेशंट घे. गोंधळ झाला की हे खूळ बंद!"

ललितानं सात नंबरचे जोतीराम निवडले. कागलचा गडी, पण हृदय थकलेलं. आडवं झालं की दम लागायचा. तिनं पाठीशी तीन उशा रचल्या आणि शिकवल्याप्रमाणं विचारलं, "मामा, तुम्हांला काय व्हावं असं वाटतं?"

"पिराजीनं एकदा बोलावं. धाकटा भाऊ माजा. बांधावरनं नऊ वर्सं अबोला हाय."

शेजारी बसलेल्या त्यांच्या कारभारणीचा, तानाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दवाखान्यात इच्छा विचारली म्हणजे आटोपलंच की! त्यांनी पदर खोचला आणि थेट टेलिफोन बूथ गाठला.

दुपारी टेम्पो भरून भावकी उतरली. कुणाकडं गंगाजळ, कुणाकडं तांबड्या रश्श्याचा डबा. बायकांनी जिन्यातच गळा काढला. ललिता दारात आडवी उभी राहिली.

"रस्सा आत जाणार नाही! मिठानं मामांचा दम वाढतो."

"मरणाऱ्याला मीठ बाधतंय व्हय?"

"अहो, मरतंय कोण?"

त्या रडारडीत तिचं ऐकतो कोण! चौगुलेबाई तरातरा आल्या. "ललिता, बंद म्हणजे बंद!"

तेवढ्यात पिराजी गर्दीतून घुसला आणि थोरल्या भावाच्या पायांवर कोसळला. "दादा, बांध तुजा! चुकलो मी!"

जोतीरामांचे डोळे भरून आले. त्यांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऊठ लेका. परवा घरी सोडणार हायत. मला न्यायला तूच ये."

पिराजीनं डोळे पुसत वर पाहिलं. "म्हंजे, तू मरत न्हाईस?"

"न्हाय की!"

"आन् माजं रडणं? बांध?"

"आता माघारी न्हाय!"

आधी पिराजीच हसला, मग सगळा वॉर्ड. जोतीराम उशांना टेकून शांत झोपी गेले, आठवड्यात पहिल्यांदाच. चौगुलेबाई बराच वेळ त्यांचा श्वास बघत उभ्या राहिल्या.

आठ नंबरचा गुंडू हळूच म्हणाला, "सिस्टर, मला बी इचारा की. माजा मेव्हणा लई दिस रुसलाय."

ललितानं भीतभीत बाईंकडे पाहिलं. बाईंनी स्टूल ओढलं आणि वही उघडली.

"विचार. मी लिहून घेते. पण आधी गुंडूच्या बायकोला सांगून ये, इथं कुणी मरत नाही म्हणून."