हातात काहीतरी

वसतिगृहातल्या चिमणीची चिवचिव बंद पडली, ही बाब महाविद्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली. एरवी जेवायच्या रांगेत या मुलीच्या बडबडीपायी इतरांची ताटं निवायची. आता ती वर्गात नाही, जेवायला नाही. तळमजल्यावरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली.

समुपदेशकांनी विचारलं, "बाळ, संकटाला तोंड कसं देतेस?"

"सर, खोलीच्या खिडकीला खिळा ठोकलाय. जीव कोंडतो. रेक्टरबाई म्हणतात माझ्या हातात नाही, प्राचार्य म्हणतात माझ्या हातात नाही. मग माझ्या तरी हातात काय आहे?"

समुपदेशक खूश झाले. निदान आयतंच मिळालं होतं. "विद्यार्थिनीच्या हातात काही नाही," असा अहवाल गेला आणि समितीने एकमताने ठरवलं, की तिच्या हातात काहीतरी द्यावं. विषय खिडकीचा, म्हणून खिडकीची पितळी मूठ देण्यात आली. खिडकी देखभाल विभागाची आणि मूठ कल्याण विभागाची असल्याने दोन्ही एकत्र आणणं नियमात बसत नव्हतं. भेदभाव नको म्हणून मग सगळ्याच मुलांना मुठी वाटल्या. पुढे पाहणी झाली, "तुमच्या हातात काही आहे का?" सगळे म्हणाले, "आहे." नैराश्याचं निर्मूलन झालं. प्राचार्यांचा सत्कारही उरकला.

चिमणीने मात्र मुठीचा दांडा खिळ्याच्या डोक्याखाली खुपसला आणि सगळा जोर लावला. खिळा निघाला, खिडकी उघडली. त्या संध्याकाळी तिची बडबड पार फाटकापर्यंत ऐकू आली. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

प्राचार्यांनी तिला तातडीने बोलावलं. "मूठ हातात धरायला दिली होती, कायदा हातात घ्यायला नव्हे!"

"चुकलं, सर. मग खिडकी परत बंद करता?"

"ते माझ्या हातात नाही," प्राचार्य सवयीने बोलून गेले. "खिळा ठोकण्याचे अधिकार देखभाल विभागाला आहेत."

चिमणीला त्यांची मनापासून दया आली. तिने आपली मूठ अलगद त्यांच्या हातात ठेवली. "सर, तुम्ही ठेवा. मला आता लागत नाही."

खिडकी अजून उघडीच आहे. आणि हे वाचून तुम्ही मान हलवत म्हणालात ना, "चालायचंच! आपल्या हातात थोडंच असतं?" पत्ता कळवा. मुठी बऱ्याच उरल्या आहेत.