टिटवीची चार अंडी

विमानाच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, खडीच्या लहानशा उंचवट्यावर टिटवी बसली होती आणि तिच्या पोटाखालची चार अंडी नुकतीच सर्वांना दिसली होती. नाशिकजवळच्या त्या छोट्या धावपट्टीवर मे महिन्यातली सकाळ ताणलेल्या तारेसारखी थरथरत होती. चैतालीला आज पहिल्यांदा एकटीने विमान उडवायचे होते. आज हुकले, तर थेट पावसाळ्यानंतर.

"मागे ढकला," अखेर कॅप्टन हिरामण बोरस्ते म्हणाले. तिला शिकवले त्यांनीच, आणि जमिनीवरून तिचे उड्डाण डोळ्यांनी पाहून ते मान्य करायचे होते तेही त्यांनीच.

विमान मागे गेले. टिटवीने आकांत मांडला, पंख मोडल्याचे सोंग वठवले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा कॅप्टनच्या टोपीवर झडप घातली. टोपी खडीत लोळली.

"उंचावर अंडी घातलीत. म्हंजी औंदा पाऊस लय," कुसाबाई म्हणाल्या. भाचीचे उड्डाण पाहायला त्या खास निफाडहून आल्या होत्या. "पन टोकं बघाया पायजेल. टोकं जमिनीकडं असली तर मंग इचारूच नका."

"बाई, इथं हवामान खात्याचा अंदाज चालतो," कॅप्टन म्हणाले.

"खात्याचा चालत आसंल. पाऊस कुठं त्यांचं ऐकतो?"

"आत्या, जरा गप्प बस ना," चैताली कुजबुजली.

आता नवाच पेच. इंजिन सुरू करून विमान वळवले की पंख्याच्या वाऱ्याने अंडी गडगडत जाणार. कुसाबाईंनी बरोबर आणलेली पेढ्यांची टोपली पालथी घालायचे सुचवले. पण टोपली उडून पंख्यातच जाईल, असे कॅप्टन म्हणाले. शेवटी ते स्वतःच विमानाकडे पाठ करून अंड्यांपुढे भिंतीसारखे बसले. एका हातात टोपी, दुसऱ्यात वॉकीटॉकी.

चैतालीने विमान धावपट्टीवर नेले. चाकांखालची खडखड एकाएकी थांबली आणि पृथ्वीने तिचा हात सोडला. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या रिकामेपणात सगळे आभाळ येऊन बसले होते. खाली द्राक्षबागांच्या ओळी विंचरलेल्या केसांसारख्या सरकत होत्या. तिला मोठ्याने गावेसे वाटले.

तेवढ्यात कानात कॅप्टनचा आवाज आला. "तीन अंड्यांची टोकं खाली आहेत. चौथं आडवं आहे."

"चार अंडी म्हंजी पावसाचं चार महिनं. मंग चौथा कोरडा," कुसाबाईंचा आवाज.

"म्हणजे सप्टेंबर. छाटणी तेव्हाच उरकू का? पिंपळगावला द्राक्षाची बाग आहे हो माझी. मागच्या वर्षी पावसानं पार धुऊन नेली."

चैतालीला हसू फुटले. वॉकीटॉकीचे बटण कॅप्टनच्या अंगठ्याखाली दबले होते. ते दबलेले असेपर्यंत तिकडचे सगळे तिला ऐकू येणार होते, आणि तिचा एक शब्दही तिकडे पोचणार नव्हता.

ती उतरायला लागली. धावपट्टी समोर रुंदावत आली, आणि नेमकी तिच्यावरून एक घार गिरक्या घेत वर उठली.

"सर, समोर घार आहे."

"जरा सरका बाई, तुमची सावली पडतेय अंड्यांवर," कानात उत्तर आले.

चैतालीने दात आवळले, इंजिनाला सगळा जोर दिला आणि नाक वर उचलले. घार पंखाखालून गेली, इतक्या जवळून की तिचा तपकिरी डोळा दिसला. पण हात हलला नाही. चैतालीने आणखी एक फेरी मारली आणि टिटवी अंड्यांवर बसते तसे विमान अलगद टेकवले.

खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. कॅप्टन टोपी झटकत सामोरे आले.

"शाब्बास. मान्य. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी नजर तुझ्यावर होती."

"हो ना सर? मग मी उतरता उतरता परत वर का गेले?"

कॅप्टननी आभाळाकडे पाहिले. मग हातातल्या वॉकीटॉकीकडे. अंगठा अजून बटणावरच होता. तो त्यांनी हळूच उचलला. टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि ते हँगरच्या दिशेने चालू लागले. डोक्यावर टिटवी ओरडत होतीच.