दोन फाटकांमधला अँब्रोझ

"फलंदाज येतोय, की आम्ही चहाला जाऊ?" पंचाने मैदानातून हाक दिली.

फलंदाज येतच होता. फाटक सोडत नव्हतं.

अँब्रोझ टकेट वेलब्रिजचा खोगीर शिवणारा. ऑगस्टात काउंटीच्या संघातले एक साहेब पक्षी मारायला स्कॉटलंडला गेले आणि अकरावा गडी म्हणून कप्तानाने अँब्रोझला दुकानातून उचलून आणलं. पैसे नाहीत, नुसता मान. अँब्रोझला तेवढाच हवा होता. जन्मभर त्याने खेळ कुंपणाबाहेरून पाहिलेला. एकदा, एकदाच, आत जाऊन बॅट टेकवायची होती.

क्षेत्ररक्षणाला तो घोळक्यातून आत शिरला होता. एकट्याने जायची वेळ आता आली. षटकाच्या शेवटच्या चेंडूवर नववा गडी पडला, जिंकायला एक धाव हवी होती, आणि तो बाजूच्या फाटकाकडे धावला.

"इथून पगारी खेळाडू जातात," राखणदार हॉस्किन म्हणाला. "तुला पगार आहे?"

"नाही."

"मग तू साहेब झालास. साहेबांचं फाटक मधलं. पळ!"

मधल्या फाटकावर म्हातारा पर्किस. "टकेट? तू रे कधीपासून साहेब?"

"आत्ताच. हॉस्किनने केलं."

"हॉस्किनच्या बापाला जमलं नसतं ते! बाजूने जा."

बाजूने मध्ये, मधून बाजूला. अँब्रोझ मागावरच्या धोट्यासारखा फिरू लागला. दोन मिनिटांत पोचला नाही, तर न खेळताच बाद. पंचाने घड्याळ काढलं.

मैदानाला लागून चहाचा तंबू होता. तिथे त्याची बायको डॉर्कस किटली घेऊन उभी होती. तिने मागची कनात वर केली.

"अहो, इकडून या! बायकांच्या तंबूला कुणी फाटक लावलेलं नाही."

तो वाकून शिरला, केकचं ताट उलटलं, पाद्रीणबाईंच्या टोपीवर मलई सांडली, आणि पुढच्या कनातीखालून अँब्रोझ मैदानात उगवला. पंचाने हसून घड्याळ खिशात टाकलं.

समोरच्या जोडीदाराने पहिल्याच चेंडूला फटका हाणला. "पळ, टकेट!"

अँब्रोझ पळाला. सामना जिंकला. पुढच्या सामन्याला पक्षी मारणारे साहेब परत येणार होते.

"बिचारा," कप्तान हळहळला. "एक चेंडूसुद्धा वाट्याला आला नाही."

संध्याकाळी डॉर्कसने मटणाचा रस्सा वाढला. "अहो, निदान जेवताना तरी ते पॅड काढा."

"बाद झालेला माणूस पॅड काढतो, डॉर्कस. मला अजून कुणी बाद केलेलं नाही."

पॅड बांधलेले पाय टेबलाखाली मावेनात. तिने टेबल आपल्याकडे ओढून घेतलं.